जुबैलच्या किनाऱ्यावर वाळूखाली काळं तेल निघालं, हे खरंच १९९१ च्या युद्धाचं असेल का?

हर्णैवाली

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे, चुकीच्या धाग्यावर टाकत असेन तर हलवा.

माझा मुलगा वर्षभरापूर्वी सौदीत जुबैलला लागलाय, इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. गेल्या शुक्रवारी सुट्टी म्हणून रूमवरची चार पोरं गाडी काढून शहराच्या वरच्या अंगाला एका खाडीवर गेली, गळ टाकायला आणि कुर्ल्या, म्हणजे खेकडे, मिळाल्या तर बघायला (दापोलीचा पोरगा कुठेही गेला तरी कुर्ल्याच शोधणार). ओहोटी होती, ह्याने काठीने चिखल उकरला तर वीतभर खाली काळं चिकट काहीतरी निघालं, गाडीच्या जुन्या ऑइलसारखं, वासही तसाच. चप्पल आणि पँट दोन्ही गेली कामातून. व्हिडिओ कॉलवर मला दाखवत होता, आई बघ इथे जमिनीत तेल आहे म्हणून. मी म्हटलं सौदी आहे बाबा तिथे नाहीतर कुठे असणार. पण त्यांच्यातला एक केरळचा जुना माणूस म्हणाला की हे सद्दामच्या वेळचं आहे, कुवेतच्या लढाईतलं, तेव्हापासून आहे तसंच आहे.

मला काही पटेना. आमच्या हर्णैला, मुरुडला मे अखेरीपासून डांबराचे गोळे येतातच की किनाऱ्यावर, लहानपणापासून बघतेय, पायाला लागलं की घरी रॉकेलचा बोळा घेऊन आजी दारातच उभी असायची. पण गणपतीपर्यंत सगळं साफ. मग तिथे तीस-बत्तीस वर्षं तेल राहीलच कसं? आणि एवढा पैसा असलेला देश, साफ का नाही केलं? त्या खाडीतल्या कुर्ल्या खाल्ल्या तर चालतील का हा पण प्रश्न आहे, कारण तो ऐकणारा नाहीये.

जुना_जुबैलकर

ताई, केरळचा माणूस बरोबर सांगतोय. मी होतो तिथे तेव्हा.

मूळचा चिपळूणचा, आता परत चिपळूणलाच. ८९ ला गेलो होतो, जुबैलच्या पाण्याच्या प्लांटवर, म्हणजे समुद्राचं पाणी गोडं करतात तिथे, काँट्रॅक्टरकडे फिटर म्हणून. ऑगस्ट ९० मध्ये सद्दाम कुवेतमध्ये घुसला तेव्हा आमच्या गावातली कितीतरी माणसं कुवेतला होती, ती सगळी जॉर्डनमार्गे अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी परत आली, पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय आणले होते तेव्हा. आम्ही सौदीतले मात्र तिथेच राहिलो. घरून पत्र यायचं ये म्हणून आणि आम्ही लिहायचो इथे काही नाही. १७ जानेवारीला बॉम्बिंग सुरू झालं. फेब्रुवारीत इराकचं एक स्कड क्षेपणास्त्र जुबैलच्या बंदराजवळ पाण्यात पडलं तेव्हा कळलं इथे काही नाही म्हणजे काय ते.

तेलाचं सांगतो. जानेवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कुवेतच्या मिना अल अहमदीला समुद्रात तेल सोडायला सुरुवात झाली. जहाजं भरायचा धक्का आहे ना किनाऱ्यापासून आत, तिथून, आणि उभ्या असलेल्या टँकरांमधूनही. अमेरिकन सैनिक समुद्रातून उतरतील त्यांना अडवायला म्हणून केलं असं तेव्हा सगळे म्हणायचे. २६-२७ जानेवारीच्या रात्री अमेरिकेच्या विमानांनी किनाऱ्यावरची पाइपांची जोडणीच बॉम्ब टाकून उडवली, म्हणजे टाकीतून येणारं तेल बंद व्हावं. आपल्याकडे झेंडावंदन झालं त्याच रात्री. त्याने प्रवाह कमी झाला पण तोवर जे पाण्यात गेलं ते गेलंच.

आणि ते आमच्याकडेच येणार हे नक्की होतं, कारण तिथला वारा उत्तर-पश्चिमेकडून, शमाल म्हणतात त्याला, आणि पाण्याची ओढही त्या किनाऱ्याने खाली दक्षिणेकडेच. आमच्या प्लांटची धाकधूक वेगळी होती, कारण रियाधचं प्यायचं पाणी जुबैलहून पाइपने जायचं, चारशेवर किलोमीटर आत. तेल एकदा इनटेकमध्ये, म्हणजे समुद्राचं पाणी आत ओढायच्या तोंडात, शिरलं असतं तर राजधानीला पाणी नाही, तेही लढाई चालू असताना. त्यामुळे जेवढे बूम होते, म्हणजे पाण्यावर तरंगणारे ते रबरी अडसर, ते सगळे प्लांटांच्या तोंडाशी, एकामागे एक ओळी लावून. रात्रपाळीला आमचं काम काय तर दर थोड्या वेळाने बॅटरी मारून पाण्यावर तवंग दिसतो का बघायचं. इंद्रधनुष्यासारखा जरासा रंग दिसला की छातीत धस्स.

पण मुख्य तेल आमच्यापर्यंत आलंच नाही. जुबैलच्या वर अबू अली नावाचं बेट आहे, कोपर बाहेर काढून बसावं तसं समुद्रात गेलेलं. सगळं तेल त्या कोपराच्या बगलेत अडकलं. आम्ही वाचलो ते त्या बेटामुळे, आणि तुमचा मुलगा बहुतेक त्या बगलेतल्याच एखाद्या खाडीवर गेला असणार.

मार्चमध्ये लढाई थांबल्यावर आम्हा काही जणांना तिकडे तेल उपसायच्या कामावर पाठवलं. काय सांगू. समुद्राचा आवाजच नव्हता. लाट यायची पण फुटायची नाही, गोधडीखाली कोणीतरी कूस बदलल्यासारखी नुसती हलायची. वाळूत मोठमोठे खड्डे खणले होते, पंपाने तेल त्यात ओढायचं, मग सक्शन टँकर, आपल्याकडे सेप्टिक टँक उपसायला येतात तसलेच, ते भरून न्यायचे. दहा लाख बॅरलच्या वर तेल असं परत काढलं म्हणतात, आणि तरी ते एकूणातलं थोडंच.

एक पाणकावळा आठवतो. आपल्याकडे पंख पसरून वाळवत उभा असतो ना खांबावर, तसाच उभा होता दगडावर. फक्त तो वाळत नव्हता. मधेमधे चोचीने पंख साफ करायचा आणि ते तेल पोटात जायचं. आम्ही डबा खाऊन परत आलो तेव्हा खाली पडलेला होता. माझ्या बरोबरचा राजापूरचा एक होता, त्याने त्या दिवशी डबा उघडलाच नव्हता.

रोखठोक_नाना

हे सगळं एका बाजूचं झालं. टीव्हीवर तो तेलात बुडलेला पक्षी दाखवून दाखवून अमेरिकेने युद्ध विकलं. इराकचं म्हणणं होतं अमेरिकेनेच बॉम्ब टाकून टँकर फोडले, ते कोणी सांगत नाही. आणि आकडे तर ज्याला जे वाटेल ते. कोणी ४० लाख बॅरल म्हणतो कोणी १ कोटी १० लाख. एवढा फरक असेल तर कोणालाच काही माहीत नाही असा अर्थ होतो. ३० वर्षं तेल टिकतं हेही असंच असणार, तिथे तेलाच्या पाइपलायनी जागोजाग आहेत, एखादी गळत असेल.

पाणकावळा

नाना, माझं टोपणनावच पाणकावळा असल्यामुळे उत्तर देणं भाग आहे :) समुद्रजीवशास्त्र शिकवायचो, निवृत्त झालोय, खाडीचा चिखल हा माझा विषय.

इराकने तसं म्हटलं होतं हे खरं, आणि लढाईत टँकरही फुटले. पण मुख्य तेल अहमदीच्या टर्मिनलमधून आणि तिथे उभ्या टँकरांमधून आलं, आणि एप्रिल ९१ मध्ये सुरक्षा परिषदेचा ठराव ६८७ झाला त्यात पर्यावरणाच्या नुकसानीला इराक जबाबदार असं स्पष्ट लिहिलं. तुम्ही म्हणाल सुरक्षा परिषदेत बसतं कोण, तो वाद घाला खुशाल, माझी ना नाही. आकड्यांचं म्हणाल तर युद्धाच्या मध्यात मोजमाप कोण घेणार, समुद्रात सुरुंग पेरलेले, वर विमानं. पण तुमचा सगळ्यात लहान आकडा घ्या, ४० लाख. अलास्कात १९८९ साली एक्झॉन वाल्डेझ जहाज फुटलं, जगभर बोंब झाली, ते साधारण २ लाख ६० हजार बॅरल होतं. म्हणजे कमीत कमी धरलं तरी पंधरापट.

आणि पाइपलाइन गळत असती तर डाग एका जागी असता. इथे २००२-०३ मध्ये सौदीच्या त्या किनाऱ्यावर हजारो ठिकाणी खड्डे खणून पाहणी झाली, सगळा वळणावाकणाचा किनारा धरला तर सातशे-आठशे किलोमीटर, त्यात ८० लाख घनमीटरच्या वर तेलकट वाळू आणि चिखल सापडला. बारा वर्षांनंतर.

आता हर्णैच्या ताईंचा खरा प्रश्न, तेल टिकतं कसं.

ताई, तुमच्याकडे जे डांबराचे गोळे येतात ते समुद्रातच झिजून, ऊन खाऊन, घट्ट होऊन आलेले असतात, आणि हर्णैचा किनारा उघडा आहे. पावसाळ्यात लाटा वाळू उलटीपालटी करतात, गोळे फुटतात, हवा लागते, तेल खाणारे जिवाणू असतात ते आपलं काम करतात. तेल हे त्यांचं अन्नच आहे, फक्त जेवायला हवा लागते. आखाताचं तसं नाही. तो समुद्र म्हणजे जवळजवळ एक मोठं तळं आहे, सरासरी खोली पस्तीसेक मीटर, तोंड एकच होर्मुझचं, आतलं पाणी बदलायला काही वर्षं लागतात. आणि अबू अलीच्या आतल्या ज्या खाड्या आहेत, दौहत अद दफी, दौहत अल मुसल्लमिया, त्या तर तळ्यातलं तळं. लाट म्हणावी अशी लाटच नाही. पाणी हळूच चढतं हळूच उतरतं.

अशा जागी काठाच्या चिखलात कोण राहतं? कुर्ल्या. लहान लहान खेकडे, लाखोंनी, प्रत्येकाचं बीळ, कोपरभर खोल. भरतीबरोबर तेल वर आलं आणि ओहोटीला पाणी गेलं, तेल मात्र बिळांमध्ये उतरलं, नळी भरावी तसं. आत खेकडा होता तो तिथेच मेला. बऱ्याच ठिकाणी वरच्या काठावरचे खेकडे एकूण एक मेले. म्हणजे ज्या बिळांमुळे चिखलाला हवा मिळायची तीच बिळं तेल खाली न्यायचे पाइप झाली, आणि बिळं साफ करणारा प्राणीच उरला नाही. खाली हवा नाही, जिवाणूंना जेवता येत नाही, तेल ताजंच्या ताजं. म्हणून तुमच्या मुलाला वासही ऑइलचाच आला. वर उन्हात पडलेलं तेल मात्र वाळूत कालवून डांबरी रस्त्यासारखं कडक झालं, काही ठिकाणी अजून त्यावरून चालता येतं.

पुढची गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते. सगळं मेलेल्या त्या चिखलावर पहिलं जिवंत काय आलं तर नीलहरित शेवाळ. दुधावर साय धरते तशी साय धरली, मैलोगणती. शास्त्रज्ञांना आधी बरं वाटलं, की ह्या शेवाळाबरोबर तेल खाणारे जिवाणू येतात, निसर्गच सफाई करणार. पण ही साय जाड होत गेली, उन्हात सुकली की पापडासारखी कडेने वळते, ओली झाली की परत सपाट, आणि चिखल सीलबंद. खालच्या तेलाला हवा नाही आणि वरून नवा खेकडा बीळ करायला आला तर त्याला शिरायला जागा नाही, झाडाचं बी पडलं तर रुजायला जागा नाही. आपल्याकडे खाडीकाठी मोरस असते ना, लोक भाजी करतात, तसलीच खारट झुडपं तिथे असायची, ती वाळून काड्या होऊन उभी राहिली आणि दहा वर्षांनी पण कितीतरी ठिकाणी तशीच होती.

खुल्या, लाटांच्या किनाऱ्यांचं तसं नाही, ते चार-पाच वर्षांत बऱ्यापैकी सुधारले. पाण्याखालच्या प्रवाळालाही सौदीच्या बाजूला तेलाने फार मोठं नुकसान केलं नाही, सगळ्यांनाच आश्चर्य वाटलं, कारण कच्चं तेल तरंगतं. मार बसला तो भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्याला. आणि पक्ष्यांना, कमीत कमी ३० हजार मेले, जास्त करून पाणकावळे आणि थंडीत तिथे येणाऱ्या टिबुकल्या. जुबैलला पक्षी धुवायचं केंद्र काढलं होतं. नाना, टीव्हीवर पक्षी एकच दिसला असेल, मेले ते एक नव्हते.

रोखठोक_नाना

पक्ष्यांचं मान्य. पण साफ का नाही केलं ह्याचं उत्तर दोघांनीही दिलं नाही.

करंजा_खाडी

मी देतो. आधी सांगतो मी काही परदेशात गेलेलो नाही, आमची पिढ्यानपिढ्या मासेमारी, उरणची बाजू. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन जहाजं आपटली होती, आठवत असेल, कंटेनर पाण्यात तरंगत होते. आठशे टनांच्या आसपास तेल गेलं. आठशे टन म्हणजे ह्या आखाताच्या तेलापुढे काहीच नाही, पाच-सहा हजार बॅरल. तरी आमच्या खाडीच्या तिवरांना, म्हणजे खाऱ्या चिखलातल्या झाडांना, बुंध्यापासून मांडीपर्यंत काळा पट्टा, भरती कुठवर आली ती रेघ मारल्यासारखी. तिवराची मुळं वर येतात ना श्वास घ्यायला, पेन्सिली उभ्या केल्यासारखी, ती सगळी तेलाने माखलेली. निवट्या, चिखलात राहणारे ते मासे, चिखलावर आडव्या.

आणि मग साफसफाईला माणसं आली. गमबूट घालून, ओळीने, हातात पोती. मनाने चांगली होती बिचारी. पण चिखलात माणूस चालला की प्रत्येक पावलागणिक तेल फूटभर खाली दाबलं जातं. जिथे माणसं गेली तिथे वर्षाने पण पावलाच्या खड्ड्यात तवंग यायचा, आणि जिथे कोणी गेलंच नाही, आतल्या बाजूला, तिथे दोन पावसाळ्यात तिवर हिरवी झाली. माझा बाप तेव्हाच म्हणाला होता ह्यांना सांग घरी जा. जाळी खराब झाली त्याचा पंचनामा झाला, फोटो काढून नेले, पुढचं विचारू नका.

म्हणून मला तरी वाटतं नाना, साफ नाही केलं ह्यातलं थोडं तरी शहाणपण असेल.

पाणकावळा

करंजावाले, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा. अगदी हेच. अलास्कात तर दगडगोटे गरम पाण्याच्या फवाऱ्याने धुतले होते, चकाचक, आणि नंतर कळलं की तेलाने जे वाचलं होतं ते गरम पाण्याने शिजून मेलं.

पण आखातात सुरुवातीला शहाणपण वगैरे काही नव्हतं हो, परिस्थितीच तशी होती. जानेवारीअखेर खाफजीला प्रत्यक्ष लढाई चालू, त्याच किनाऱ्यावर. तेल पसरायच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जे करायचं ते तेव्हाच करता येतं, आणि नेमके तेच आठवडे युद्धाचे. जी साधनं होती ती जुबैलकरांनी सांगितलं तशी प्लांटांच्या तोंडाशी, आणि माणसाला पाणी आधी हे चूकही म्हणता येत नाही. त्यात कुवेतच्या सहाशेवर विहिरी पेटलेल्या, जगातली सगळी नामांकित माणसं ती आग विझवायला, शेवटची विहीर ६ नोव्हेंबरला बंद झाली. किनाऱ्याकडे बघायला कोणाला वेळ नव्हता.

लढाईतल्या तेलाचं दुखणं हेच असतं. त्याच आखातात १९८३ मध्ये इराण-इराक युद्धात नवरूझच्या समुद्रातल्या विहिरी फुटल्या होत्या, त्यातली एक सप्टेंबरपर्यंत वाहत होती आणि दुसरी थेट मे १९८५ मध्ये बंद झाली, कारण तिथे जाणार कोण, जाणाऱ्यांवर हल्ले व्हायचे, त्या कामात माणसं मेली. २००६ मध्ये लेबनॉनला जियेच्या वीज केंद्राच्या टाक्यांवर इस्रायलने बॉम्ब टाकले, १० ते १५ हजार टन जड तेल समुद्रात, आणि नाकेबंदीमुळे महिनाभर कामच सुरू करता आलं नाही. तोवर ते बुडून तळाला बसलं, मग पाणबुडे हाताने गोळा करत बसले.

एक काम मात्र ९१ साली वेळेत झालं, करान बेटाचं. हिरव्या कासवांचं अंडी घालायचं मोठं ठिकाण. कासवं यायच्या आत त्या बेटाची वाळू साफ केली, आंतरराष्ट्रीय निधीतून, आणि त्या वर्षीही कासवं वर आली. वाळूचं छोटं बेट, काम आटोक्यातलं, म्हणून जमलं. खाजणाच्या, म्हणजे भरतीचं पाणी शिरतं त्या दलदलीच्या, चिखलाला ते लागू नाही.

हर्णैवाली

अरे देवा, मी एवढासा प्रश्न विचारला होता. सगळ्यांचे आभार, रात्री ह्यांना वाचून दाखवलं, ते पण ऐकत बसले, टीव्ही बंद करून.

पण मग पैशांचं काय झालं? इराककडून वसूल केले असं कुठेतरी वाचलेलं. आणि इतक्या वर्षांत नंतर तरी काही केलं की नाही?

जुना_जुबैलकर

केलं ना ताई. पैसे वसूल झाले पण त्याला वेळ किती लागला बघा. संयुक्त राष्ट्रांनी एक भरपाई आयोग काढला, इराकच्या तेलविक्रीतला काही टक्का त्यात वळता व्हायचा. आधी ३० टक्के, मग कमी कमी करत आणला. सगळ्या देशांचे सगळे दावे मिळून ५२ अब्ज डॉलरच्या वर, शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये गेला. म्हणजे मी तिथे असताना जे मूल जन्मलं त्याचं मूल शाळेत गेलं तोवर इराकी माणूस फेडत होता. ज्याने नळ सोडला तो कधीच गेला, फेडलं भलत्यांनीच. तेवढं मला खुपतं, बाकी काही नाही. आमच्या कॅम्पात एक बसरा भागातला इराकी मेकॅनिक होता, लढाई लागली त्याच्या आधीच एक दिवस दिसेनासा झाला, त्याचं काय झालं कोणाला माहीत.

पाणकावळा

पर्यावरणाच्या दाव्यांपोटी त्यातले सव्वापाच अब्जांच्या आसपास मंजूर झाले. सौदीच्या ह्या किनाऱ्यासाठी साधारण ४६ कोटी डॉलर, मागणी त्याच्या कितीतरी पट होती. आयोगाचं म्हणणं असं की सगळीकडचा चिखल उपसून न्यायला पैसे देणार नाही, कारण तो उपसला तर उरलंसुरलंही मरेल. करंजावाल्यांच्या वडिलांचंच म्हणणं, फक्त त्यांना कोणी फी दिली नाही.

मग काय केलं तर जुन्या मेलेल्या खाजणांमध्ये चर खणले. ऐकायला साधं वाटतं. पण तेलाने आणि त्या शेवाळाने खाडीच्या बारीक बारीक नाळी बुजल्या होत्या, भरतीचं पाणी आतपर्यंत जातच नव्हतं. आपल्याकडे खारबंदिस्तीची उघाडी, म्हणजे बांधातली पाणी जायची झडप, तुंबली की आतलं शेत कसं कुजतं, तसं. यंत्राने नाळी परत मोकळ्या केल्या, काही ठिकाणी वरचा कडक थर फोडून नांगरल्यासारखा केला, पाणी खेळायला लागलं, हवा गेली. आणि पाण्याबरोबर खेकड्यांची पिल्लं आली. एकदा खेकडा आला की तो बीळ करतो, बिळातून हवा जाते, जिवाणू जेवायला बसतात. म्हणजे ज्या वाटेने तेल खाली गेलं त्याच वाटेने संपणार, पण सावकाश. तिवरही लावली काही जागी, हो, तिथेही आपलीच तिवर, तीच जात.

सगळीकडे हे झालेलं नाही, होणारही नाही. तुमच्या मुलाला जिथे वीतभरावर तेल लागलं ती न झालेल्यातली जागा.

रोखठोक_नाना

बरं, ४६ कोटी डॉलर घेऊन चर खणले. आम्ही ग्रामपंचायतीत फुकट खणतो. (मस्करी करतोय. वाचून बरं वाटलं, खरंच.)

कुर्ल्यांचं राहिलं, खायच्या की नाही?

जुना_जुबैलकर

त्या काळ्या जागेतल्या अजिबात नाही. उकरल्यावर ऑइलचा वास येतोय ना, मग तिथलं काही तोंडात घालू नका एवढं साधं आहे. आम्ही ९१-९२ ला बाजारातले मासेसुद्धा वास घेऊन घ्यायचो, आणि कोळंबी तर त्या मोसमात दिसेनाशीच झाली होती. आता बाजारातलं बिनधास्त घ्या, लोक घेतातच. गळ टाकायचाच असेल तर उघड्या किनाऱ्यावर जा म्हणावं, आतल्या खाडीत नको. आणि तिथे राखीव क्षेत्र पण आहे त्या बाजूला, उगाच कोणी हटकलं तर पंचाईत.

हर्णैवाली

सांगते. त्याने आत्ताच परत फोटो पाठवलाय, काल संध्याकाळी पुन्हा गेले होते (सांगितलं ना ऐकणारा नाहीये). तीच खाडी, पण पलीकडचं टोक, पाणी येतं-जातं त्या बाजूला. फोटोत चिखलावर बारीक बारीक गोळ्या आहेत, मोहरीपेक्षा मोठ्या, साबुदाण्याएवढ्या, एका भोकाभोवती गोल मांडल्यासारख्या, रांगोळीचे ठिपके टाकावेत तशा. हे पण तेलच का? आणि चपलेचं काय करायचं, साबणाने जात नाही, रॉकेल तिथे मिळत नाही.

पाणकावळा

ताई! ते तेल नाही. तो खेकडा आहे. वाळूचा घास तोंडात घेऊन त्यातलं खाण्याजोगं चाळून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला ठेवतो, बिळाभोवती फिरत फिरत. हर्णैला पण भरपूर असतात, बघितल्या असणार तुम्ही. भरती आली की पुसतं, ओहोटीला परत मांडतो. गोळ्या ताज्या असतील तर आत जिवंत खेकडा आहे.

मुलाला एक काम सांगाल का? पाय न रोवता, कडेच्या कडक वाळूवरून, हातभर लांबरुंद चौकोन काठीने आखायचा आणि आत बिळं किती ते मोजायचं. एक चौकोन गोळ्यांच्या बाजूला आणि एक जिथे तेल निघालं तिथे. बाकी काही उकरू नको म्हणावं.

करंजा_खाडी

चपलेला खोबरेल तेल लावा. चोळायचं, पाच मिनिटं ठेवायचं, फडक्याने पुसायचं, मग साबण. तेलाला तेलच काढतं. पोराच्या रूमवर खोबरेल नसेल तर त्या केरळवाल्याकडे असणारच.

हर्णैवाली

दोन्ही सांगितलं. म्हणतो आई, आधी चप्पल धुऊ की बिळं मोजू ते एकदा ठरव. शुक्रवारी जाणार आहेत, आकडे आले की टाकते इथे.